श्रावणातला नेमका कुठला सोमवार? एका गरोदरपणाच्या तीन तारखा

नाव बदललं आहे, गाव सांगत नाही. तारखा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. हे प्रकरणच तारखांचं आहे. त्या बदलल्या तर सांगायला काही उरत नाही.

पार्श्वभूमी

तिला सविता म्हणू. वय 24, बीड जिल्हा, दुसरं बाळंतपण. पहिला मुलगा तीन वर्षांचा, प्रसूती साधी, जन्माचं वजन 2 किलो 700 ग्रॅम. नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशोबात दोघं मिळून एक कोयता. हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, आणि एक दिवस फडात गेलं नाही तर खाडा पडतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर पैसे कापले जातात. हे आधीच सांगतो, कारण पुढे 'ती तेव्हा तपासणीला का गेली नाही' असा प्रश्न वाचणाऱ्याला पडणार आहे.

2023 च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिने उपकेंद्रात जाऊन लघवीची तपासणी केली. दिवस गेलेले होते. सिस्टरनी नोंद करताना नेहमीचा प्रश्न विचारला, शेवटची पाळी कधी आली? सविता म्हणाली, "श्रावणातल्या पहिल्या सोमवारी."

आमच्याकडे इंग्रजी तारीख सांगणाऱ्या बायका कमी. पोळ्याच्या आदल्या दिवशी, गौरी जेवल्या त्या दिवशी, घट बसले तेव्हा, अशीच उत्तरं येतात आणि ती बहुतेक वेळा पक्की असतात. पाळीच्या दिवसांत देवाधर्माला हात लावायचा नाही, त्यामुळे कुठला सण हुकला हे बाई विसरत नाही. सिस्टरनी भिंतीवरचं कॅलेंडर मागे उलटलं, श्रावणातला पहिला सोमवार शोधला आणि कार्डावर लिहिलं: 24 जुलै 2023. त्यावरून प्रसूतीची तारीख आली 29 एप्रिल 2024.

तारीख कुठे चुकली

2023 साली श्रावण दोन होते. 18 जुलैपासून 16 ऑगस्टपर्यंत अधिक श्रावण, आणि मग 17 ऑगस्टपासून निज, म्हणजे खरा श्रावण. अधिक श्रावणातला पहिला सोमवार 24 जुलैला येतो, निज श्रावणातला 21 ऑगस्टला. मध्ये बरोबर 28 दिवस.

28 दिवसांची ही चूक वाईट, कारण ती पाळीच्या एका चक्राएवढीच असते. पंधरा दिवसांचा घोळ असता तर कुणाच्या तरी डोक्यात पाल चुकचुकली असती. एक महिन्याची चूक हिशोबात बिनबोभाट बसते: 'पाळी चुकून दोन महिने झाले' आणि 'एक महिना झाला' यात बाईच्या तोंडून फारसा फरक ऐकू येत नाही, विशेषतः विचारणाऱ्यापुढे रांग असेल तर.

सविताला निज श्रावणच म्हणायचं होतं. सणवार, व्रतं निज महिन्यातच करायची, त्यामुळे तिच्या डोक्यात अधिक महिना श्रावणात मोजलेलाच नव्हता. कॅलेंडरवर मात्र दोन्ही पानांवर श्रावणच छापलेला होता. सिस्टरना दोष देण्याचा माझा हेतू नाही. हाच प्रश्न मी विचारला असता तर मीही तेच पान उलटलं असतं.

पहिली सोनोग्राफी: बरोबर निघालेलं उत्तर आणि न वाचलेला कागद

25 ऑक्टोबरला ती आमच्या रुग्णालयात आली. कार्डाप्रमाणे तेरा आठवडे झाले होते, पण पोट हाताला लागत नव्हतं. ओपीडीतल्या डॉक्टरांनी जवळच्या सोनोग्राफी केंद्राची चिठ्ठी दिली. 28 तारखेला, शनिवारी सोनोग्राफी झाली.

गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी, जिला सगळे सीआरएल म्हणतात, 27 मिलिमीटर भरली. ठोके चालू. या लांबीचा अर्थ 9 आठवडे 3 दिवस. कार्डाप्रमाणे त्या दिवशी 13 आठवडे 5 दिवस व्हायला हवे होते. फरक 30 दिवसांचा. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी दोन्ही आकडे लिहिले, मोजमापावरून प्रसूतीची तारीख 29 मे 2024 अशी दिली, आणि खाली ते ठरलेलं वाक्य टाकलं की तारखेची खात्री करून घ्यावी.

एवढ्याशा लांबीवर इतका विश्वास का ठेवायचा, हे इथेच सांगतो. पहिल्या तीन महिन्यांत सगळ्या गर्भांची वाढ जवळजवळ एकाच चालीने होते. आई उंच की बुटकी, खातीपिती की अर्धपोटी, याचा त्या वेळी फारसा फरक पडत नाही. साधारण सहाव्या ते दहाव्या आठवड्यात गर्भ रोज सुमारे एक मिलिमीटर वाढतो, त्यामुळे मोजताना दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी चूक दोन दिवसांचीच. ग्लासगोच्या रॉबिन्सन आणि फ्लेमिंग यांनी 1975 मध्ये या मोजमापाचं कोष्टक दिलं, आणि आजही त्याच धर्तीवर तारखा काढल्या जातात. चांगल्या मोजमापाची चूक पाच ते सात दिवसांच्या आत राहते. अट एवढीच की गर्भ आडवा, सरळ पडलेला दिसला पाहिजे, त्याच्या बाजूचा पीतक कोश, म्हणजे छोटी गोल पिशवी, मापात यायला नको, आणि एकदा मोजून न थांबता तीनदा मोजून सरासरी घ्यायला हवी. याहून आधी, नुसती पिशवी दिसते आणि गर्भ दिसत नाही तेव्हा, पिशवीच्या मापावरून तारीख पक्की करू नये. लांबी 84 मिलिमीटरच्या पुढे गेली की सीआरएलचा उपयोग संपतो आणि डोक्याचा घेर मोजावा लागतो. पुढे पुढे आईचा बांधा, खाणं, वार कशी काम करते हे सगळं मापात उतरायला लागतं. शेवटच्या तीन महिन्यांत सोनोग्राफीवरून वय काढलं तर तीन आठवड्यांपर्यंत चूक होऊ शकते.

अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये दिलेला नियम आम्ही वापरतो. पाळी आणि सोनोग्राफी यांत किती दिवसांचा फरक पडला तर तारीख बदलायची, हे त्यात ठरवून दिलेलं आहे. 9 आठवड्यांच्या आत 5 दिवसांहून जास्त, 9 ते 13 आठवडे 6 दिवसांपर्यंत 7 दिवसांहून जास्त, 16 ते 21 आठवडे 6 दिवसांपर्यंत 10 दिवसांहून जास्त, आणि 28 आठवड्यांनंतर 21 दिवसांहून जास्त. इथे मर्यादा 7 ची होती आणि फरक 30 चा. ठोके चालू असलेला गर्भ नवव्या आठवड्यात चार आठवडे मागे राहू शकत नाही. म्हणजे चूक तारखेतच होती आणि कार्डावरची तारीख त्याच दिवशी खोडायला हवी होती.

ती खोडली गेली नाही. त्या दिवशी कोजागरी होती आणि रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. दुपारपासून वेध लागणार म्हणून सासूबाईंनी सुनेला केंद्रातून थेट घरी नेलं. रिपोर्ट घेऊन आमच्याकडे परत यायचं राहिलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऊसतोडीची टोळी निघाली.

यातली आमची चूक ग्रहणापेक्षा मोठी. आमच्या रजिस्टरमध्ये 'सोनोग्राफीला पाठवले' अशी नोंद होती आणि पुढचा रकाना कोरा होता. तो कोरा रकाना सहा महिने कुणी पाहिला नाही. पाठवलेली बाई परत आली का, हे पाहण्याची पद्धतच आमच्याकडे नव्हती.

डिसेंबर, सांगली जिल्हा

12 डिसेंबरला फडाजवळच्या गावात तिची दुसरी सोनोग्राफी झाली. कार्डाप्रमाणे 20 आठवडे 1 दिवस, म्हणजे बाळाचे अवयव पाहण्याची वेळ. यंत्राने मोजमापावरून सांगितलं 15 आठवडे 5 दिवस. पहिला रिपोर्ट तिच्याजवळ नव्हता. गावाकडे राहिला होता की फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, हरवला होता, हे तिलाही आठवत नव्हतं. तिथल्या डॉक्टरांसमोर फक्त कार्ड होतं. त्यांनी लिहिलं: गर्भाची वाढ चार आठवड्यांनी कमी, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

त्यांच्या जागी मी असतो तर वेगळं काही लिहिलं असतं का? पाणी व्यवस्थित होतं, डोकं, पोट आणि मांडीचं हाड सगळं एकाच मापाने मागे होतं. अशा वेळी बाळ खुजं असण्यापेक्षा तारीख चुकलेली असण्याची शक्यता कितीतरी जास्त. 'आधी कुठे सोनोग्राफी झाली का?' हा एक प्रश्न विचारायला हवा होता. कदाचित विचारलाही असेल आणि तिने मान हलवली असेल. खाटेवर झोपवल्यावर बाई कशालाही मान हलवते.

या रिपोर्टचे दोन परिणाम झाले. टोळीत बातमी पसरली की हिचं पोर वाढत नाही, आणि एकदोघींनी पाडून टाकण्याचा सल्ला दिला. सविता आठवडाभर जेवली नाही. वयाचा आकडा इथे कायद्यालाही जाऊन भिडतो: 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत गर्भपाताला एका डॉक्टरांचं मत पुरतं, त्यापुढे 24 पर्यंत दोघांचं लागतं आणि तेही ठरावीक कारणांसाठी. कार्डावर ती रेषेच्या पलीकडे होती, प्रत्यक्षात चार आठवडे अलीकडे.

दुसरा परिणाम कुणाच्या ध्यानातही आला नाही. अवयवांची तपासणी 18 ते 22 आठवड्यांत करायची असते. ती सोळाव्या आठवड्याच्या आत उरकली गेली, कार्डावर 'झाली' अशी खूण पडली, आणि योग्य वेळ आली तेव्हा ती फडात मोळ्या वाहत होती. हृदयाचे कप्पे त्या वयात नीट दिसत नाहीत. बाळ निरोगी निघालं म्हणून हे निभावलं.

दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली नाही. खाडा परवडणारा नव्हता.

6 मे 2024: टेबलावरचे तीन आकडे

पाडव्याच्या आधी टोळी परत आली. 29 एप्रिल उलटली, कळा नाहीत. आशाताईंनी कार्ड पाहून बरोबर आठवडाभर वाट पाहिली आणि सोमवारी, 6 मे रोजी तिला आमच्याकडे आणलं. कार्डाप्रमाणे 41 आठवडे पूर्ण. इतके दिवस भरल्यावर कळा आणायच्या, हा आमचा नियम. निवासी डॉक्टरांनी भरतीचा कागद भरून ठेवला होता, औषधही मागवलं होतं.

मी तपासलं तेव्हा गर्भाशयाचं तोंड घट्ट मिटलेलं आणि लांब होतं. टेपने पोटाची उंची 33 सेंटीमीटर. बाळाचं डोकं वर तरंगत होतं. एकेक गोष्ट पहिलटकरणीत किंवा बारीक बाईत दिसू शकते, पण दुसऱ्या खेपेला, 41 आठवड्यांना, सगळ्या एकदम? मी सोनोग्राफी मागवली. मोजमापावरून सरासरी वय 34 आठवडे 4 दिवस, अंदाजे वजन 2 किलो 250 ग्रॅम, आणि यंत्राने खाली नवीन तारीख छापली: 13 जून.

आता टेबलावर 29 एप्रिल होती आणि 13 जून होती. पिशवीत डिसेंबरचा रिपोर्ट होता, 'वाढ कमी' म्हणणारा.

लेबर रूमच्या सिस्टर तिची साडी सावरून देत होत्या. त्यांनी सहज विचारलं, "ताई, पाळी नक्की आठवते का गं कधीची?"

"आठवते की. नागपंचमी होती. माहेरी होते, पण वारुळाला गेले नाही. सगळ्या गेल्या, मी एकटी घरी."

नागपंचमी कधी अधिक महिन्यात येत नाही. सिस्टरनी मोबाइलवर पाहिलं: 21 ऑगस्ट 2023, सोमवार.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, कार्ड मानायचं आणि कळा आणायच्या. निवासी डॉक्टर याच बाजूचे होते, आणि त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. खरंच 41 आठवडे झाले असतील आणि बाळ 2 किलो 250 ग्रॅमचं असेल तर ते बाळ गंभीर संकटात आहे. एक दिवसही थांबू नये. पण तारीख चुकीची असेल तर आपण मिटलेल्या गर्भाशयावर जबरदस्ती करून दिवस न भरलेलं बाळ बाहेर काढतो, बहुधा सिझेरियन करून, आणि नवजात अतिदक्षता विभाग आमच्यापासून नव्वद किलोमीटरवर आहे.

दुसरा पर्याय, ताजी सोनोग्राफी मानायची. 34 आठवड्यांचं बाळ, वजन बेताचं, पण काळजीचं नाही. लोहाच्या गोळ्या देऊन तीन आठवड्यांनी बोलवायचं. हा पर्याय सगळ्यांना आवडणारा. रिपोर्ट ताजा, यंत्र नवं, कुणालाच त्रास नाही. मला भीती याचीच वाटली. शेवटच्या महिन्यात यंत्र जे 'वय' छापतं ते खरं तर बाळाचं माप असतं: एवढं मोठं बाळ साधारण किती आठवड्यांचं असतं, इतकंच. खुज्या बाळाला ते लहान वयाचं म्हणतं आणि त्याच्या मापाला कमी वयाचा दाखला देऊन मोकळं होतं. वाढ खुंटलेलं बाळ अशाच कागदामागे लपतं.

या रिपोर्टमध्ये एक खूण होतीही. डोक्याचं माप 35 आठवड्यांच्या पुढे होतं, पोटाचा घेर 33 चा. अन्न कमी पडलं की बाळ मेंदू जपतं आणि यकृतातला साठा खर्च करतं, त्यामुळे पोटाचा घेर आधी मागे पडतो. सरासरी काढली की ही तफावत दिसेनाशी होते.

तिसरा पर्याय, आज काहीच न ठरवता तिला ठेवून घ्यायचं, बाळाची तब्येत पाहायची आणि पहिला रिपोर्ट शोधायचा.

डिसेंबरच्या रिपोर्टवरून तारीख बसवता आली नसती का? आली असती. त्या मोजमापावरून 30 मे येते, आणि नियमाप्रमाणे तेवढं पुरेसं होतं. पण त्याच कागदावर 'वाढ कमी' लिहिलेलं होतं, आणि माझ्याच टेबलाभोवती त्यावरून दोन मतं होती. ऑक्टोबरचा आकडा मिळाला तर वाद मिटणार होता.

काय केलं

तिसरा पर्याय घेतला. डॉपलर केलं, नाळेतला रक्तप्रवाह ठीक होता. पाणी 8 सेंटीमीटर, म्हणजे पुरेसं. बाळाच्या ठोक्यांचा आलेख चांगला. म्हणजे निदान एक दिवस हातात होता. हिमोग्लोबिन 8.9 आलं, शिरेतून लोह सुरू केलं. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइड द्यायचं का, असा प्रश्न निघाला; आठवडाभरात प्रसूती करायची नव्हती म्हणून दिलं नाही.

रजिस्टरमध्ये 25 ऑक्टोबरची नोंद सापडली आणि कुठल्या केंद्रात पाठवलं होतं तेही. गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा एफ फॉर्म भरावा लागतो आणि तो दोन वर्षं जपून ठेवावा लागतो. त्या फॉर्मबद्दल आम्ही डॉक्टर मंडळी एरवी फक्त कुरकुर करतो. 7 मेला सकाळी सविताचा नवरा मोटरसायकलवर गेला आणि दुपारी एफ फॉर्म, रिपोर्टची प्रत आणि मोजमापाचं चित्र घेऊन आला. चित्रात गर्भ आडवा, सरळ, दोन्ही टोकांवर खुणा नीट ठेवलेल्या. 27 मिलिमीटर.

मग आम्ही एक साधी वजाबाकी केली. ती फळ्यावर लिहून दाखवली तेव्हा निवासी डॉक्टरांनी भरतीचा कागद स्वतःहून बाजूला ठेवला.

28 ऑक्टोबर ते 12 डिसेंबर: कॅलेंडरवर 45 दिवस. यंत्रावरचं वय 9 आठवडे 3 दिवसांवरून 15 आठवडे 5 दिवसांवर गेलं, म्हणजे 44 दिवस. बाळ अगदी वेळेवर वाढत होतं. डिसेंबरमध्ये वाढ कमी नव्हतीच.

12 डिसेंबर ते 6 मे: कॅलेंडरवर 146 दिवस. यंत्रावरचं वय 15 आठवडे 5 दिवसांवरून 34 आठवडे 4 दिवसांवर, म्हणजे 132 दिवस. इथे मात्र 14 दिवस गळाले होते.

कागदांवर उलटंच लिहिलेलं होतं. बाळ चांगलं वाढत असताना रिपोर्ट 'वाढ कमी' म्हणाला, आणि वाढ खरोखर मंदावली तेव्हाच्या रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख नव्हता.

तारीख 29 मे पक्की केली. आता तिला नागपंचमी आठवतेय आणि त्यावरून 27 मे येते, फरक दोनच दिवसांचा, तर अमेरिकन नियमाने पाळीची तारीख ठेवायला हवी, असा बारीक मुद्दा निघाला. बरोबर आहे. ब्रिटनमध्ये अशा वेळी सोनोग्राफीचीच तारीख धरतात. तिची पाळी तिसाव्या दिवशी यायची, त्यामुळे दोन दिवसांचा हिशोबही जुळत होता. आम्ही 29 धरली आणि त्यावर वेळ घालवला नाही.

29 मे धरल्यावर 6 मेला 36 आठवडे 5 दिवस होतात. त्या वयाला 2 किलो 250 ग्रॅम म्हणजे शंभर बाळं वजनाने ओळीत उभी केली तर खालून दहाव्याच्याही मागे. कारणं शोधायला लांब जावं लागलं नाही: रक्त कमी, नऊ महिन्यांत वजन फक्त पाच किलो वाढलेलं, मार्चच्या मध्यापर्यंत डोक्यावर उसाची मोळी.

अशा बाळाचं डॉपलर चांगलं असेल तर 38 आठवडे पूर्ण होऊ द्यायचे आणि मग कळा आणायच्या, असं ठरवलं. 38 आठवडे 15 मेला भरत होते. तोवर आठवड्यातून दोनदा तपासणी. घर लांब, म्हणून तिला तालुक्यात नणंदेकडे ठेवलं. सासूबाईंना हे पटवायला औषधोपचारापेक्षा जास्त वेळ लागला. "आधी म्हणता दिवस उलटले, आता म्हणता भरलेच नाहीत!" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी कॅलेंडर काढून दोन श्रावण दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अधिकात कुणी सोमवार धरतं का?" आणि विषय संपला.

काय झालं

9 तारखेची तपासणी ठीक होती. 13 मेला जिल्ह्यात मतदान होतं. ती बोटाला शाई लावूनच आली. पाणी 6 वर उतरलं होतं, नाळेचं डॉपलर अजून मर्यादेत पण वरच्या कडेला. मन चलबिचल झालं. त्याच दिवशी कळा आणाव्यात का? ठोक्यांचा आलेख उत्तम होता, बाळ हलत होतं. रोज आलेख काढायचा या अटीवर तीन दिवस थांबलो. हा निर्णय बरोबर होता असं मी ठामपणे म्हणणार नाही. 13 तारखेलाच सुरुवात केली असती तरी त्यावर कुणी बोट ठेवलं नसतं.

16 मेला सकाळी कळा आणायचं जेल ठेवलं. तोपर्यंत गर्भाशयाचं तोंड मऊ झालं होतं, दहा दिवसांपूर्वीसारखं राहिलं नव्हतं. 17 मेच्या पहाटे नैसर्गिक प्रसूती झाली. मुलगी, 2 किलो 360 ग्रॅम, लगेच रडली. बालरोगतज्ज्ञांनी कातडी, तळव्यांवरच्या रेषा, कानाची पाळी, हातापायांचा ताठरपणा पाहून बॅलार्ड पद्धतीने वय काढलं: 38 आठवडे. या पद्धतीतही दोन आठवड्यांची चूक असू शकते, पण 38 आणि 42 यातला फरक तिला कळतो. रक्तातली साखर दोन दिवस तपासली, ठीक राहिली. बाळ आईच्या छातीशी बांधून ठेवलं. चौथ्या दिवशी घरी गेली.

6 मेला कळा आणल्या असत्या तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. 36 आठवडे 5 दिवसांची बरीच बाळं सुखरूप असतात. घरी पाठवून तीन आठवड्यांनी बोलावलं असतं तर? ते मला सांगता येत नाही, आणि त्याचा विचार मी रात्री करत नाही.

मागे वळून पाहताना

ही चूक चार ठिकाणी थांबवता आली असती आणि चारही ठिकाणी लागणारी माहिती तिथेच होती. उपकेंद्रात फक्त 'कुठला श्रावण' एवढं विचारायचं होतं. सोनोग्राफी केंद्राने एक फोन करायचा होता. 30 दिवसांचा फरक पडल्यावर 'खात्री करून घ्यावी' हे वाक्य पुरत नाही, कारण ते कुणाला उद्देशून आहे हेच कळत नाही. डिसेंबरमध्ये आधीच्या सोनोग्राफीची चौकशी व्हायला हवी होती. आणि आमच्याकडे तो कोरा रकाना.

आता आम्ही पहिल्या चांगल्या सोनोग्राफीनंतर कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईने एकच तारीख लिहितो, खाली सही आणि कशावरून काढली ते: 'सीआरएल 27 मिमी, 28 ऑक्टोबर'. जुनी तारीख खोडतो, पण वाचता येईल अशी. पुढे कुठल्याही यंत्राने काहीही छापलं तरी ही बदलायची नाही. सोनोग्राफीच्या डॉक्टरांना विनंती केली आहे की आधी तारीख पक्की झालेली असेल तर रिपोर्टमध्ये तीच घ्या, आणि नवीन मोजमाप 'या वयाला बाळ केवढं आहे' एवढंच सांगायला वापरा. काही जण ऐकतात. काहींच्या यंत्रातून जुनाच नमुना छापून येतो.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या बाबतीत कागदावर भरवसा ठेवत नाही. पहिल्या रिपोर्टचा फोटो नवऱ्याच्या, बाईच्या आणि आशाताईंच्या, तिन्ही मोबाइलमध्ये. कोपीत पाणी शिरतं, पिशवी उंदीर कुरतडतात, पण मोबाइल चार्ज करायची सोय कुठेतरी असतेच.

पाळीची तारीख सणावरून सांगितली तर लगेच दुसरा सण विचारायचा: त्याआधी पोळा होता की नंतर? तेव्हा कुठे होतीस, सासरी की माहेरी? आणि पाळी किती दिवसांनी येते? बाळ अंगावर पीत असताना, पाळी परत यायच्या आधीच दिवस गेले असतील, तर तारीख विचारण्यात अर्थच नसतो. तिला थेट सोनोग्राफीला पाठवायचं, दहा-बारा आठवड्यांच्या आत. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, 17 मे ते 15 जून. वटपौर्णिमेवरून पाळी सांगणाऱ्या बायका त्या वर्षी पुष्कळ भेटतील, म्हणून आम्ही ओपीडीच्या कॅलेंडरवर त्या महिन्याभोवती आधीच लाल चौकट आखली आहे.

उपकेंद्राच्या सिस्टरना मी 8 मेला फोन केला. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी त्याच दुपारी रजिस्टर काढून 2023 च्या जुलै-ऑगस्टमधली पाळीची प्रत्येक नोंद पुन्हा तपासली. श्रावणावरून लिहिलेल्या आणखी तीन निघाल्या. दोन बरोबर होत्या. तिसरी 31 जुलैची, दुसऱ्या सोमवारची. ती बाई आदल्याच दिवशी 'दिवस भरले' म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या माहेरी गेली होती. सिस्टरनी संध्याकाळी तिच्या भावाच्या मोबाइलवर फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "पहिल्या सोनोग्राफीचा कागद कुणाकडे आहे?"